एक कॉम्प्युटर, दोन घरांचं नेट



गेल्या महिन्यात वाय-फाय घराच्या कोपऱ्यापर्यंत का पोचत नाही, यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या मेलमध्ये तिघाचौघांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. कुणाचं वरच्या मजल्यावर आईवडिलांचं वेगळं कनेक्शन, खाली आपलं वेगळं. कुणाच्या घरी दुकानाचं एक आणि घरचं एक. कॉम्प्युटर मात्र एकच. तो दोन्हीकडं एकदम जोडता येतो का?

येतो. उत्तर एवढंच आहे. पण ते नीट समजायला मला यंदाची येळवस लागली, आणि तीही घरच्यांची बोलणी खाऊन. म्हणून आधी काय घडलं ते सांगतो, मग कसं करायचं ते.

आमचं गाव मंठाळ, तालुका बसवकल्याण, जिल्हा बिदर. घर जुनं. काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, मध्ये चौक. माझे वडील तिघा भावांत मधले. ते नोकरीसाठी पुण्याला गेले आणि आम्ही तिथलेच झालो. थोरले काका आणि धाकटे काका गावात राहून शेती बघतात. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली. कोर्टकचेरी झाली नाही, कुणी कुणाला वाईट बोललं नाही, पण चौकाच्या मध्यावर सिमेंटची भिंत उभी राहिली. पूर्वेकडचं घर थोरल्यांचं, पश्चिमेकडचं धाकट्यांचं आणि मधली खोली वडिलांच्या वाट्याची. त्या खोलीत आजी राहते. खोलीला दोन दारं आहेत, एक इकडच्या घरात उघडणारं, एक तिकडच्या. आजी दोन्ही दारं दिवसभर उघडी ठेवते.

कॉम्प्युटर तिच्याच खोलीत आहे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा पोरांच्या ऑनलाइन वर्गासाठी तिघा भावांनी पैसे घालून घेतलेला. तो कुणाच्या घरात ठेवायचा यावर एकमत होईना, म्हणून आजीच्या खोलीत आला आणि तिथंच राहिला. पुढं थोरल्या काकांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीनं, दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत घरातली पत्र्याची पेटी उघडून त्यातला एकेक कागद स्कॅन करून त्यात ठेवला.

त्या पेटीत काय नाही! निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत. पणजोबांची पत्रं मोडीत. वडिलांचे आणि काकांचे मराठी शाळेचे दाखले. नंतरच्या पहाण्या कन्नडमध्ये. आमचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. माणसं गावातच होती. कागदावरची लिपी तेवढी बदलत गेली. हे सगळं मूळ कागदावर वाळवीच्या तोंडी होतं, आता कॉम्प्युटरमध्ये आहे. तेव्हा हा कॉम्प्युटर आमच्या घरात नुसतं यंत्र नाही. ती पेटीच आहे.

आता नेटचं. फायबर आधी थोरल्यांनी घेतलं. दगडी भिंतींपलीकडं त्यांचं वाय-फाय धाकट्यांच्या घरात पोचत नव्हतं, आणि बिलात वाटा किती हा प्रश्न होताच. शेवटी धाकट्यांनी वेगळ्या कंपनीचं दुसरं कनेक्शन घेतलं. दोन्ही घरांतून एकेक केबल आजीच्या खोलीत आली. पण कॉम्प्युटरला केबलचं तोंड एकच. मग ज्याला काम असेल तो येऊन दुसऱ्याची केबल काढायचा आणि आपली लावायचा. इकडं अर्धवट डाउनलोड अडकायचं, तिकडं प्रिंट निघायची नाही. "आमची तार कुणी काढली?" हा प्रश्न घरात रोज विचारला जायचा, आणि तो कुणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळायचं.

येळवशीची रात्र

आमच्याकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या भागातल्या वाचकांना सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगतो: त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप करून आत लक्ष्मीची पूजा होते, मग भज्जी, आंबील, उंडे, धपाटे. घर दोन झालं तरी आमची येळवस अजून एकच आहे. दोन्ही काकू आदल्या रात्री एकाच चुलीवर भज्जी करतात.

यंदा शेतातून परत आल्यावर धाकट्या काकांच्या मुलानं सांगितलं, की त्याला एका सरकारी भरतीचा अर्ज भरायचाय आणि त्याच रात्री बारा वाजता मुदत संपतेय. त्याची सगळी प्रमाणपत्रं स्कॅन होऊन त्या कॉम्प्युटरमध्ये होती. त्यात कलम ३७१ (जे) चं प्रमाणपत्रही होतं. बाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांना याची माहिती नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. हैदराबाद-कर्नाटक भागाला, ज्याला २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात, २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं विशेष दर्जा मिळाला. त्यामुळं इथल्या स्थानिक उमेदवारांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत. आमच्या या पोराच्या प्रमाणपत्रासाठी त्याच्या वडिलांचा शाळेचा दाखला पेटीतूनच निघाला होता.

त्या वेळी कॉम्प्युटरला थोरल्यांची केबल होती, थोरल्यांच्या घरी व्हिडिओ कॉल चालू होता आणि नेट हळू होतं. मी पुण्याहून आलेला, घरातला 'कॉम्प्युटरवाला'. म्हटलं, हा रोजचा तंटा आज मिटवून टाकू. पिशवीत एक लांब केबल होती. तिचं एक टोक थोरल्यांच्या राउटरमध्ये खोचलं, दुसरं धाकट्यांच्या राउटरमध्ये. दोन्ही जाळी एक झाली, आता कुठूनही काम करा!

पाच मिनिटांत धाकट्यांच्या घरातून आवाज आला, "नेट गेलंय." पाठोपाठ थोरल्या काकू म्हणाल्या, "आमचं बी गेलंय की." मग आलं. मग परत गेलं. पोराचा अर्ज फोटो अपलोड होता होता मधेच तुटायचा. मी एक राउटर बंद करून चालू केला, मग दुसरा. कंपनीच्या नावानं बोटं मोडली. राउटरचं सेटिंगचं पान उघडायला गेलो तर पासवर्ड बरोबर असून चालेना, कारण उघडत होतं ते दुसऱ्याच घरच्या राउटरचं पान. साडेदहा झाले.

आजी पलंगावरून म्हणाली, "काय करायलास रे तिथं खाली बसून? पोराचं काम झालं का नाही?"

मी काहीतरी पुटपुटलो. तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तू ती तार लावायच्या आधी चालत होतं ना?"

चालत होतं. केबल काढली. पण तोवर पोरगा माझ्यावर विसंबून राहायचं सोडून मोबाइल घेऊन माळवदावर गेला होता. कॉम्प्युटरमधले कागद त्यानं मोबाइलमध्ये उतरवून घेतले आणि थंडीत चादर गुंडाळून मोबाइलच्या रेंजवर अर्ज भरला. अकरा चाळीसला तो गेला. खाली आल्यावर मला म्हणाला, "दादा, झालं. तुम्ही झोपा आता." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं.

नेमकं काय चुकलं होतं

घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला, प्रिंटरला राउटर एकेक पत्ता देतो. हे पत्ते घरगुती असतात, बाहेरच्या जगात चालत नाहीत. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं. म्हणून काही पत्ते घरांच्या आणि ऑफिसांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले आणि १९९६ मध्ये तसा नियम कागदावर आला. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यातलेच. म्हणून पुण्यातल्या, मंठाळमधल्या आणि न्यूजर्सीमधल्या घरांतही तेच पत्ते दिसतात आणि कुणाची कुणाला अडचण होत नाही. प्रत्येक घराचं जाळं आपापल्या राउटरच्या मागं असतं.

आमच्या दोन्ही राउटरांनी स्वतःला १९२.१६८.१.१ हाच पत्ता दिलेला होता. बऱ्याच राउटरांत कारखान्यातून तोच येतो. ते वेगळे होते तोवर ठीक होतं. मी केबल जोडल्यावर एकाच गल्लीत एक नंबरची दोन घरं झाली. मोबाइल १.१ ला हाक मारी, कधी हा राउटर ओ देई, कधी तो. शिवाय दोघंही येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटायला पुढं. एकच पत्ता दोघांच्या वाट्याला जाण्याची शक्यता होतीच. नेट पूर्ण बंद पडलं असतं तर कारण लवकर सापडलं असतं. मधूनमधून चालत होतं, म्हणून मी फसलो.

तेव्हा पहिला धडा: दोन घरांची जाळी एकमेकांना जोडायची नाहीत. कॉम्प्युटर दोन्ही जाळ्यांना वेगवेगळा जोडायचा. आजीच्या खोलीला दोन दारं आहेत म्हणून दोन घरं एक झालेली नाहीत, तसंच हे.

बरोबर पद्धत

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण आणि मी बसलो. एका तासात काम झालं. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही जे केलं ते क्रमानं देतो.

१. दुसरं तोंड. कॉम्प्युटरला केबलसाठी दोन जागा हव्यात. युएसबीत लावायचं लॅन अॅडॅप्टर मिळतं, ते आम्ही बसवकल्याणहून मागवलं. जाड भिंती नसतील तर एक जाळं केबलनं आणि दुसरं वाय-फायनं जोडलं तरी चालतं. फक्त केबल लावलेली असताना विंडोज वाय-फायला आपणहून जोडायचं टाळतं. तसं झालं तर यादीतून हातानं जोडा. केबल मात्र जुन्या घरात फार उपयोगाची. एका तुकड्याला १०० मीटरपर्यंत ती भिंतीबिंतीची पर्वा करत नाही.

२. एका घराच्या गल्लीचं नाव बदला. दोन्ही राउटर १९२.१६८.१ वर असतील तर कॉम्प्युटरला कळणार नाही की १.२० हा प्रिंटर इकडचा की तिकडचा. म्हणून धाकट्यांच्या राउटरच्या सेटिंगमध्ये लॅनच्या पानावर जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ केला. राउटर पुन्हा सुरू झाला आणि घरातल्या सगळ्या उपकरणांना २ च्या गल्लीतले नवे पत्ते मिळाले. एखादं अडून बसलं तर त्याचं वाय-फाय बंद करून चालू करायचं. ज्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला पत्ता हातानं दिलेला असेल त्याचा मात्र बदलावा लागतो.

काही कंपन्यांच्या डब्यात हे पान कुलूपबंद असतं. तेव्हा फायबरवाल्याला फोन करून सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. तेही जमलं नाही तर त्या घरात आपला एक साधा राउटर कंपनीच्या डब्याला जोडून त्याला वेगळी गल्ली द्या, आणि घरातली सगळी उपकरणं आणि कॉम्प्युटरची केबल त्याच्यावर घ्या.

३. कॉम्प्युटरचा पत्ता राखून ठेवा. रोज पत्ता बदलला तर टीव्हीला किंवा मोबाइलला तो सापडत नाही. दोन्ही राउटरांत पत्ता राखून ठेवायची सोय असते. आम्ही कॉम्प्युटरला इकडच्या बाजूनं १९२.१६८.१.५० आणि तिकडच्या बाजूनं १९२.१६८.२.५० असे पत्ते दिले. म्हणजे एकाच माणसाला एका घरात दादा म्हणतात आणि दुसऱ्या घरात भावजी, तसं.

४. बाहेर जायचा रस्ता कोणता ते ठरवा. घरातल्या घरात बोलायला कॉम्प्युटरला काही विचारावं लागत नाही. १ च्या गल्लीतलं १ च्या केबलनं, २ मधलं २ च्या केबलनं. पण बाहेरच्या जगात जायचं तर दोन्ही राउटर दार उघडून उभे. कुठल्या दारानं जायचं हे 'मेट्रिक' नावाचा आकडा ठरवतो. ज्याचा आकडा लहान, तो रस्ता आधी. विंडोज हा आकडा स्वतः ठरवतं, तो आपण ठरवलेला बरा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'एनसीपीए डॉट सीपीएल' लिहा. दोन्ही जोडण्या दिसतील. एकीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, त्याच्या प्रॉपर्टीज, मग अॅडव्हान्स्ड. तिथं 'ऑटोमॅटिक मेट्रिक' वरची खूण काढून एकीला १० आणि दुसरीला ५० द्या. नेट व्हर्जन ६ वरही चालत असेल तर तिथंही तेच करा. मॅक असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये 'सर्व्हिस ऑर्डर' असते, हवं ते कनेक्शन ओढून वर ठेवायचं.

पुष्कळ जण सांगतात की एका बाजूचा गेटवे रिकामाच ठेवा. तेही चालतं. पण मग विंडोज त्या जाळ्याला अनोळखी समजून परकं ठरवतं आणि त्या बाजूनं फाइल शेअरिंग अडवतं. त्यावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा मेट्रिकचा रस्ता सोपा.

५. दोन्ही जोडण्यांना 'प्रायव्हेट' करा आणि फोल्डर शेअर करा. आम्ही 'पेटी' नावाचं फोल्डर केलं. दोन्ही घरांसाठी वेगळी नावं आणि वेगळे पासवर्ड, दोघांनाही वाचायची परवानगी. बदल करायचा आणि पुसायचा अधिकार फक्त बहिणीला. हे मुद्दाम केलं. पोरांच्या हातून चुकून काही पुसलं गेलं तर कुणी पुसलं यावरून नवा तंटा नको.

६. 'ब्रिज' करू नका. त्याच पानावर दोन्ही जोडण्या निवडून उजवं बटण दाबलं की 'ब्रिज कनेक्शन्स' असा पर्याय येतो. नाव ऐकून वाटतं, हाच तर हवाय. पण तसं केलं की कॉम्प्युटर दोन जाळी एक करून टाकतो आणि माझ्या त्या केबलसारखाच गोंधळ होतो. 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही खूणही लावू नका.

७. करून बघा. इकडची केबल काढून नेट चालतं का, मग तिकडची काढून. दोन्ही घरांतल्या मोबाइलवरून 'पेटी' उघडते का. प्रिंटर युएसबीनं कॉम्प्युटरला लावून शेअर केला असेल तर दोन्ही घरांतून प्रिंट निघते. प्रिंटर वाय-फायवरचा असेल तर तो ज्या घराच्या वाय-फायवर आहे त्याच घराला आणि कॉम्प्युटरला सापडेल.

दोन गैरसमजही दूर करतो. दोन कनेक्शन जोडली म्हणून वेग दुप्पट होत नाही. एक फाइल एकाच रस्त्यानं येते. आणि पहिल्याचं नेट गेलं तर दुसरं आपोआप सुरू होईलच असं नाही. राउटर चालू आहे पण रस्त्यात फायबर तुटलंय, हे कॉम्प्युटरला कळतंच असं नाही. त्याला वाटतं, दार उघडं आहे. अशा वेळी ती केबल काढा, तो दुसऱ्या दारानं जाईल.

दोन्ही काकांचा एकच प्रश्न

काम झाल्यावर थोरले काका खोलीत आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "बाळा, आता आमच्या मोबाइलमधलं त्यांना दिसंल का?" तासाभरानं धाकटे काका दुसऱ्या दारानं आले. त्यांनीही अगदी तेच विचारलं.

दोघांनाही एकच उत्तर दिलं. नाही दिसणार. विंडोज एका बाजूनं आलेलं दुसऱ्या बाजूला आपणहून पाठवत नाही, आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय. दोघांनाही कॉम्प्युटर दिसतो आणि त्यात जे शेअर केलंय तेवढंच दिसतं. एक धोका मात्र खरा आहे, आणि तोही सांगितला. या कॉम्प्युटरमध्येच व्हायरस शिरला तर त्याला दोन्ही घरांची दारं मोकळी. म्हणून त्यावर कुठूनही आलेलं सॉफ्टवेअर टाकायचं नाही, अपडेट थांबवायचे नाहीत, पासवर्ड भिंतीवर लिहायचा नाही. तुमच्यापैकी कुणाचा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो असा दोन जाळ्यांना जोडण्याआधी ऑफिसला विचारा.

मग राहिला शेवटचा प्रश्न: मेट्रिकमध्ये १० कुणाला? म्हणजे रोजचं नेट कुणाचं वापरायचं? थोरले म्हणाले आमचं वापरा. धाकटे म्हणाले, नको, उद्या ऐकून घ्यावं लागेल, आमचं वापरा. देण्यावरूनही वाद होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आजी म्हणाली, "एक वरीस याचं, एक वरीस त्याचं. येळवशीला बदला." ते ठरलं. आता पुढच्या येळवशीला शेतातून आल्यावर १० आणि ५० ची अदलाबदल करायचं काम बहिणीकडं आहे.

मला या सगळ्यात एक गंमत वाटत राहिली. आमचा तालुका बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथं सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. एकत्र कुटुंब, वाटणी, कुणाचा वाटा किती, याचा विचार करताना बंगालकडचा भाग सोडला तर देशभरातल्या न्यायालयांनी पुढं शतकानुशतकं जुन्या त्याच ग्रंथाचा आधार घेतला. १८१० मध्ये कोलब्रुकनं त्यातल्या वारसाहक्काच्या भागाचं इंग्रजी भाषांतर केलं. जन्मतःच मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा, हे त्यातलं तत्त्व. मुलींना तो तसाच मिळायला देशभर २००५ चा कायदा यावा लागला. म्हणजे वाटणी हा आमच्या मातीतलाच विषय, भावाभावांत भिंत येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जमीन वाटता येते, घर वाटता येतं, नेटही वेगळं घेता येतं. पणजोबांचं मोडीतलं पत्र मात्र तीन तुकडे करून वाटता येत नाही. ते ठेवायला एक जागा लागते आणि तिथं सगळ्यांना जाता यावं लागतं.

म्हणून जाता जाता सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. 'पेटी'ची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती थोरल्यांच्या कपाटात ठेवली, दुसरी धाकट्यांच्या आणि तिसरी मी पुण्याला घेऊन आलो. वीज पडून कॉम्प्युटर जळाला तरी पेटी राहील. तुमच्या घरात असे कागद, असे फोटो एकाच कॉम्प्युटरमध्ये किंवा एकाच मोबाइलमध्ये असतील, तर दोन जाळ्यांचं नंतर बघा, आधी प्रत काढा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकट्यांच्या टीव्हीवर पोरांनी 'पेटी' उघडली. १९७८ मधला थोरल्या काकांच्या लग्नाचा फोटो आला. त्यात धाकटे काका हाफपँटमध्ये, हातात नारळ घेऊन उभे. पोरं हसायला लागली. आवाज ऐकून थोरल्या काकू आजीच्या खोलीतून पलीकडं आल्या, त्यांच्यामागून काका. आपल्याकडंही तोच फोटो टीव्हीवर दिसतो हे त्यांना माहीत होतं. तरी ते तिथंच बसले, जेवायची वेळ होईपर्यंत.

भरतीच्या अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. कळलं की सांगेन. तुमच्या घरी दोन कनेक्शन असतील आणि वरच्या पायऱ्यांत कुठं अडलात तर राउटरच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. पासवर्ड झाकायला विसरू नका. पुढच्या महिन्यात जुने कागद आणि फोटो मोबाइलनं नीट कसे स्कॅन करायचे, ते बघू. तो लेख मी नाही, माझी बहीण लिहिणार आहे. त्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.